मुक्काम नामपूर, वाट मोसमच्या वरची

शहरातून गावी सुटीला आलेला पाहुणा पहिला दिवस झोपण्यात आणि खाण्यात घालवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो हमखास विचारतो, "इथे बघण्यासारखे काय आहे?" नामपूरच्या मळ्यात हा प्रश्न निघाला की यजमान "मांगीतुंगी" म्हणतात, क्षणभर थांबून "सटाण्याला देवमामलेदार" अशी भर घालतात आणि कांद्याकडे वळतात. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण फारच अपुरी. नामपूरपासून तासा-दीड तासाच्या टप्प्यात महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला आहे, बागूल राजांची राजधानी आहे, कोरीव शिल्पांनी भरलेली दोन जुनी शिवमंदिरे आहेत आणि सहसा कुणी चढत नाही असे किमान तीन गड आहेत. पाहुण्याला हे कुणी सांगत नाही, कारण इथल्या माणसाला त्यात सांगण्यासारखे काही वाटतच नाही.

आधी गावाची जागा ध्यानात घ्यावी. नामपूर बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठी आहे. ही नदी साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरात उगवते, हरणबारी धरणात थांबते, मग ताहराबाद, जायखेडा, नामपूर करत मालेगावाकडे जाते आणि तिथे गिरणेला मिळते. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या चार तालुक्यांची आद्याक्षरे जोडून या पट्ट्याला 'कसमादे' म्हणतात. नामपूर त्याच्या उत्तर अंगाला आहे. सटाणा इथून वीस-बावीस किलोमीटरवर, मालेगाव तीस-बत्तीसवर, तर ताहराबाद पंचवीसच्या आसपास. म्हणून सहलीचा आराखडा नकाशावर टाचण्या टोचत करण्यापेक्षा नदी धरून करावा. एक दिवस नदीच्या वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला आणि एक उत्तरेच्या डोंगररांगेत. साल्हेर करायचा असेल तर त्याला स्वतंत्र दिवस हवाच.

नाशिककडून येणाऱ्यांनी पिंपळगाव, देवळा, सटाणा असे यावे. धुळे-जळगावकडच्यांना मालेगाव सोयीचे. रेल्वेने यायचे तर मनमाडला उतरून पुढे एसटी किंवा खासगी गाडी. सटाणा आणि मालेगाव या दोन्ही ठिकाणी एसटीचे आगार आहे, त्यामुळे नामपूरपर्यंत बसने पोहोचायला अडचण नाही. अडचण पुढे येते. किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांना जाणाऱ्या गाड्या मोजक्याच असतात आणि संध्याकाळची शेवटची चुकली की मुक्काम पायथ्यालाच. चौघे-पाच जण असतील तर गावातूनच दिवसभरासाठी गाडी ठरवावी. ड्रायव्हर इथलाच असला की रस्ता विचारायची आणि जेवणाचीही चिंता मिटते.

पहिली सकाळ गावातच

फिरायला निघण्यापूर्वी एक सकाळ नामपूरच्या बाजार समितीत घालवावी. पर्यटनाच्या कुठल्याही यादीत ती सापडणार नाही. पण हा मुलूख ज्याच्यावर जगतो ते इथेच दिसते. नामपूरची कृषी उत्पन्न बाजार समिती आणि तिचा करंजाडचा उपबाजार यांची नावे रोज वर्तमानपत्रातल्या कांद्याच्या भावात छापून येतात. ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेत उभे असतात, ट्रॉलीची मागची फळी उघडलेली असते. व्यापाऱ्यांचा घोळका एका गाडीपाशी येतो, कुणी कांदा उचलून दाबून पाहतो, कुणी दोन बोटांनी पापुद्रा सोलतो, लिलाव पुकारणारा आकडा चढवत नेतो आणि मिनिटभरात घोळका पुढच्या गाडीकडे सरकतो. चार महिन्यांच्या कष्टाची किंमत त्या एका मिनिटात ठरते. शेतकरी बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. ट्रॉलीवर उभा राहून ऐकत असतो. मोठा कांदा, गोल्टी, जोड, खाद अशी प्रतवारी कानावर पडते आणि एकाच ढिगातल्या मालाला वेगवेगळा भाव कसा लागतो तेही उमगते.

मार्च-एप्रिलपासून उन्हाळ कांदा निघतो. तो चाळीत साठवतात आणि पावसाळाभर, भाव बघून, थोडा थोडा बाजारात आणतात. हिवाळ्यात लाल कांदा असतो. तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. लिलावात फोटो काढायला कुणी हरकत घेत नाही, पण भाव पडलेला असेल त्या दिवशी कॅमेरा खिशातच ठेवावा.

कांद्याच्या जोडीला डाळिंब आणि द्राक्ष. बागलाणची अर्ली द्राक्षे महाराष्ट्रातल्या इतर भागांच्या आधी, डिसेंबरच्या सुमारास तयार होतात. नवल म्हणजे हा नाद जुना आहे. अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त बागलाणचे वर्णन डोंगराळ पण दाट वस्तीचा मुलूख असे आले असून तिथल्या फळांत द्राक्षे आणि डाळिंबे मोजली आहेत. त्याच नोंदीत इथल्या सात किल्ल्यांचा उल्लेख आहे आणि त्यांतले मुल्हेर आणि साल्हेर विशेष बळकट असल्याचे सांगितले आहे.

नदीकाठाने फेरी मारताना जुने दगडी बंधारे आणि त्यांतून निघालेले पाट दिसले तर जरूर थांबावे. नाशिक-धुळ्यातल्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धतीने बागायत होत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एका हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाण्याची पाळी गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने द्यायची आणि बंधाऱ्याची डागडुजी सगळ्यांनी मिळून करायची, असा हा कारभार. धरणे आणि विहिरी झाल्यावर तो बराच मोडला. आता नदीला पाणी कधी दिसेल ते हरणबारीच्या आवर्तनावर ठरते. तेव्हा उन्हाळ्यात नदीकाठी तंबू ठोकायचे मनात असेल तर आवर्तन केव्हा सुटणार याची आधी चौकशी करावी, कोरड्या वाळूत रात्रीतून पाणी येते.

वरच्या अंगाला: ताहराबाद, मांगीतुंगी, मुल्हेर

नामपूरहून जायखेड्यामार्गे ताहराबाद गाठले की उत्तरेला दोन सुळके दिसू लागतात. ते मांगी आणि तुंगी. दिगंबर जैनांचे हे सिद्धक्षेत्र. राम, हनुमान, सुग्रीव यांच्यासह नव्याण्णव कोटी मुनींना इथे मोक्ष मिळाला अशी श्रद्धा आहे. दोन्ही सुळक्यांच्या पोटात कोरलेली लेणी आणि मूर्ती आहेत. वर जायला हजारो पायऱ्या चढाव्या लागतात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. चढाई पहाटे सुरू करावी हे सांगायलाच नको, पण लोक नाश्ता आटोपून नऊला निघतात आणि अकराच्या उन्हात कातळावर भाजून निघतात.

याच डोंगरात ऋषभदेवांची 108 फुटांची अखंड दगडातली मूर्ती कोरली आहे. गणिनी ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने हे काम झाले, फेब्रुवारी 2016 मध्ये प्रतिष्ठापना झाली आणि सर्वांत उंच जैन मूर्ती म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. मूर्तीकडचा रस्ता आणि सुळक्यांच्या पायऱ्या या दोन वेगळ्या वाटा आहेत. एका सकाळी दोन्ही करायच्या तर दम हवा. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मूर्ती पाहून समाधान मानावे. पायथ्याला धर्मशाळा आणि भोजनशाळा आहेत. तिथे जेवण सात्त्विक आणि दिवस मावळण्यापूर्वी, कांदा-लसणाशिवाय. कांद्याच्या गावातून आलेल्या पाहुण्याला हा बदल सोसवतो.

ताहराबादहून पश्चिमेला अंतापूरवरून मुल्हेर. सगळ्या परिसरातले एकच ठिकाण निवडायचे झाले तर मुल्हेर निवडावे, असे ठामपणे सांगता येते. साल्हेरची उंची त्याला नाही, मांगीतुंगीची गर्दीही नाही, पण इतिहास, गाव, गड आणि झाडी अशी एकत्र इथेच भेटते.

बागूल घराण्याने बागलाणवर तीनशेहून अधिक वर्षे राज्य केले आणि मुल्हेर म्हणजे मयूरगिरी ही त्यांची राजधानी होती. सुरतेच्या बंदरातून बुऱ्हाणपूरकडे जाणारा माल या मुलखातून जायचा, त्या वाटेवर बसलेले हे राज्य. नारायणशहा बागुलाच्या दरबारातल्या रुद्रकवीने 1596 मध्ये 'राष्ट्रौढवंश' हे संस्कृत महाकाव्य लिहिले, त्यामुळे या छोट्या घराण्याची वंशावळ आज हाताशी आहे. 1638 मध्ये शहाजादा औरंगजेबाने बागलाण जिंकले आणि हे राज्य संपले.

गावातून गडाची वाट झाडीतून माचीवर जाते. तळ्याकाठचे गणेशमंदिर आणि झाडांत दडलेले सोमेश्वराचे मंदिर माचीवरच आहे. घरातल्या लहानथोरांनी इथपर्यंत यावे, डबा उघडावा आणि परत फिरावे. अर्धा दिवस पुरतो. बालेकिल्ल्यापर्यंत जाणाऱ्यांनी मात्र पूर्ण दिवस धरावा. शेजारी एका बाजूला मोरा आणि दुसऱ्या बाजूला हरगड उभा आहे. तिन्ही गड एका दिवसात करणारे तरुण असतात, पण त्यांना पाहिलेले फारसे काही आठवत नाही.

उतरल्यावर गावातल्या उद्धव महाराजांच्या समाधिमंदिरात जावे. कोजागरीला मुल्हेरात रासोत्सव होतो. रात्रभर पदे गायली जातात आणि पंचक्रोशीतले लोक ऐकायला जमतात. ऑक्टोबरमध्ये मुक्काम असेल तर ती रात्र मुल्हेरसाठीच राखून ठेवावी.

साल्हेरला वेगळा दिवस

साल्हेरची उंची 1567 मीटर. महाराष्ट्रात कळसूबाईनंतर दुसऱ्या क्रमांकाचे शिखर आणि किल्ल्यांत सर्वांत उंच. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यांत रायगड, राजगड, शिवनेरी यांच्या पंगतीत साल्हेरही आहे. तेव्हापासून विचारणा वाढली आहे, परंतु गडाची चढण कमी झालेली नाही.

वाटा मुख्यतः दोन. एक साल्हेरवाडीकडून, दुसरी वाघांब्याहून साल्हेर आणि सालोटा यांच्या मधल्या खिंडीत चढणारी. पहिल्यांदा जाणाऱ्याने वाट गावात विचारून घ्यावी आणि वाटाड्या सोबत घ्यावा. त्याला ठरवून, हातचे न राखता पैसे द्यावेत. चढायला तीन-साडेतीन तास धरावेत. कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग पठारावर गंगासागर तलाव, रेणुकेचे मंदिर, गुहा आणि अगदी माथ्यावर परशुरामाच्या पादुका. परशुरामाने इथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला, अशी दंतकथा सांगतात. माथ्यावरून पश्चिमेला डांगचे जंगल पसरलेले दिसते, पूर्वेला मांगीतुंगीचे सुळके.

पायथ्याचे मैदान उतरताना नीट पाहावे. 1672 च्या सुरुवातीला मोगलांनी गडाला वेढा घातला होता. एका बाजूने मोरोपंत पिंगळे आणि दुसऱ्या बाजूने प्रतापराव गुजर चालून आले आणि इखलासखान, बहलोलखान यांच्या फौजेचा उघड्या मैदानात पराभव झाला. गनिमी काव्याने लढणारी म्हणून ओळखली जाणारी मराठी फौज समोरासमोरही जिंकू शकते हे त्या दिवशी दिसले. मराठ्यांचे सरदार सूर्याजी काकडे याच लढाईत पडले.

मुल्हेरच्या पुढे मोबाइलची रेंज भरवशाची नसते. पेट्रोल आणि रोकड दोन्ही ताहराबादलाच पाहून घ्यावे. माणशी तीन लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. या भागात कोकणा आणि भिल्ल वस्त्या आहेत. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव चालू असतो, रात्री दूरवरून पावरीचा सूर येतो. ते त्या लोकांचे व्रत आहे, पाहुण्यांसाठी मांडलेला कार्यक्रम नव्हे. बोलावले तर जावे, बाजूला बसावे, मोबाइलचा दिवा तोंडावर मारू नये.

जवळचे, पण न पाहिलेले

नामपूरच्या उत्तरेला सेलबारी-डोलबारीची रांग पूर्वेकडे सरकत येते. तिच्यावरचे पिसोळ आणि डेरमाळ हे किल्ले नामपूरला सर्वांत जवळचे, आणि गावातल्या निम्म्या लोकांनी ते चढलेले नाहीत. पिसोळला वाडी पिसोळ गावातून वाट आहे. दरवाजे, पाण्याची टाकी आणि पडझड झालेले वाडे पाहायला मिळतात. सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येते. डेरमाळ टिंगरीकडून. तिथला भैरवकडा हे खरे आकर्षण. कडा आत वळलेला आहे, त्यामुळे काठावर पोटावर पडूनच खाली डोकवावे, आणि मुले बरोबर असतील तर तेही नको.

त्याच दिशेने पुढे मालेगाव तालुक्यात गाळणा. आडव्यातिडव्या वाटेच्या किल्ल्यांपुढे हा सोपा. रुंद पायऱ्या, ओळीने चार दरवाजे, फारसी शिलालेख, धड उभी असलेली तटबंदी. पायथ्याला गोरक्षनाथांचा आश्रम आहे. 1804 च्या डिसेंबरात कर्नल वॉलेसने हा किल्ला घेतला आणि पुढे धुळ्याच्या इंग्रज अंमलदारांना हवापालटासाठी ही जागा योग्य वाटली होती, यावरून इथला वारा कसा असेल ते समजावे. वृद्ध आई-वडिलांना एक तरी किल्ला दाखवायचा असेल तर गाळणाच निवडावा.

खालच्या अंगाला

सटाण्याचे देवमामलेदार मंदिर दर्शनाला अर्ध्या तासाचे, पण त्यामागची गोष्ट माहीत असावी. यशवंत महादेव भोसेकर हे सटाण्याचे मामलेदार. 1870-71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांना वाटून टाकला. वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा खजिन्यात पै कमी भरली नाही, असे लोक सांगतात. चमत्कारावर विश्वास असो वा नसो, एका महसूल अधिकाऱ्याचे देऊळ बांधून शतकाहून अधिक काळ लोक त्याची यात्रा भरवतात, अशी उदाहरणे फार नाहीत. 1887 मध्ये त्यांचे निधन झाले. मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्यात त्यांच्या रथाची मिरवणूक निघते. त्या आठवड्यात सटाण्यातून गाडी काढणे कठीण, तेव्हा यात्रा बघायची नसेल तर बाहेरून जावे.

सटाण्याजवळ देवळाणे गावात जोगेश्वराचे मंदिर आहे. बाहेरच्या भिंतींवर कोरीव मूर्तींची रेलचेल, त्यांत कामशिल्पेही आहेत, म्हणून हौशी मंडळी त्याला बागलाणचे खजुराहो म्हणतात. अशा उपमेची त्याला गरज नाही. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात भिंत सपाट दिसते. सकाळी किंवा चारनंतर किरणे तिरपी झाली की एकेक आकृती उठून दिसू लागते. असेच दुसरे मंदिर मालेगावच्या पुढे, मुंबई-आग्रा महामार्गावरच्या झोडगे गावात: माणकेश्वर. महामार्गावरून रोज हजारो गाड्या जातात, वळून आत येणाऱ्या थोड्या.

मालेगावात मोसमकाठचा भुईकोट नारोशंकर राजेबहादूर यांनी 1740 मध्ये बांधायला घेतला. आत आज शाळा भरते, तेव्हा सुटीच्या दिवशी गेलेले बरे. यंत्रमागांची खडखड ऐकायची तर शुक्रवार टाळावा, त्या दिवशी माग बंद असतात. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट पाहून या शहराबद्दल उत्सुकता वाटलेल्यांनी गल्लीबोळांतून पायी फिरावे. मालेगावजवळच गिरणेकाठी चंदनपुरीचा खंडोबा. बाणाईचे गाव म्हणून त्याची ख्याती, पौष पौर्णिमेला मोठी यात्रा.

सप्तशृंगगडाचे मात्र परतीच्या वाटेवर ठेवावे. नाशिककडे जाणाऱ्यांना सटाणा-कळवणवरून नांदुरी गाठता येते आणि 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली झाल्याने पायऱ्यांचा प्रश्नही उरलेला नाही. नामपूरहून जाऊन-येऊन करायचे म्हटले तर सगळा दिवस गाडीत जातो.

केव्हा यावे, कसे राहावे

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. डोंगर अजून हिरवे असतात, हवा कोरडी, द्राक्षे डिसेंबरपासून. पावसाळ्यात पूर्वेचे किल्ले छान, पण साल्हेर-मुल्हेरचा कातळ शेवाळतो आणि माथा दिवसचे दिवस धुक्यात असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा दिवसा मळ्यात आंब्याखाली पडून राहावे आणि संध्याकाळी मंदिरे पाहावीत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. ज्या घरी मुक्काम आहे तिथेच ती असेल तर फिरणे रद्द करावे, रोटाचे जेवण दुसऱ्या कुठल्याही दिवशी मिळत नाही.

जेवणाबद्दल एवढेच की हॉटेल शोधत बसू नये. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचे भरीत, शेवभाजी, डुबुक वडे आणि नशीब असेल तर खापरावरचे मांडे. मांड्यांना वेळ आणि हात दोन्ही लागतात, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवावे आणि यजमानीणबाईंना त्याचे वेगळे पैसे द्यावेत. बोली अहिराणी. "कथाईन उनात?" असे कुणी विचारले तर कुठून आलात ते सांगावे, पुढचे संभाषण ते लोक सांभाळतात.

मळ्यात राहायचे काही नियम आहेत. औषध फवारलेल्या डाळिंबाच्या बागेत विचारल्याशिवाय शिरू नये आणि झाडावरचे फळ तोडून लगेच तोंडात घालू नये. अनेक विहिरींना कठडा नसतो, लहान मुलांवर नजर हवी. उसाच्या आणि मक्याच्या शेतांत बिबट्याचा वावर असतो, तेव्हा अंधार पडल्यावर एकट्याने बांधावरून फिरायला जाऊ नये. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते आणि घरातला माणूस दोन वाजता पाणी भरायला उठलेला असतो. तो सकाळी उशिरापर्यंत झोपला तर चहासाठी हाका मारू नयेत.

आणि चार दिवसांत हे सगळे बसवण्याचा हट्ट करू नये. दोनच दिवस असतील तर एक मुल्हेरला आणि एक सकाळ लिलावाला, उरलेला वेळ मळ्यात. साल्हेर, गाळणा, देवळाणे पुढच्या खेपेला ठेवावे. सटाण्याहून नामपूरला एसटी रोज आहे.